मेंढीच्या डोक्यातलं

त्या बाई मोठ्या शास्त्रज्ञ आहेत एवढंच कळलं होतं. नाव विचारायचं राहूनच गेलं. गावात एकच एसटीडी बूथ होता, तेव्हाची गोष्ट. जनावराचा मेंदू त्याला कसा चालवतो हे शोधायला त्या सिद्धेश्वर धरणाच्या काठी आमच्या मेंढवाड्यात यायच्या. केसांत पेन्सिल खोचून लेंड्यांत खुशाल मांडी घालायच्या. नवं कोकरू आलं की स्वतः हुंगून बघायच्या.

एका मेंढीचं कोकरू मेलं. माझ्या आईनं तिला दुसरं, पोरकं कोकरू लावलं. दूध मिळालं नसतं तर तेही गेलंच असतं. पण मेंढी ढुशा मारू लागली.

बाई हळहळल्या, "वास वेगळा येतोय, मावशी. आता हिचा मेंदू त्याला घेणार नाही." तसं वहीत लिहिलंही.

आईनं आमचं कुत्रं कोकराजवळ आणलं. मेंढीनं पाय आपटला आणि ती कोकरासमोर, कुत्र्याला आडवी उभी राहिली. थोड्या वेळानं कोकरू तिलाच लुचू लागलं.

बाईंनी लिहिलेलं खोडलं आणि त्या खुदकन हसल्या. "मी वासाच्याच मागं लागले होते. भीती काय करते ते बघायचं राहूनच गेलं."

आईला नवल वाटलं. "चुकलं तर काहून हसून राहिल्या, बाई?"

"आता शोधायला काही आहे ना, मावशी!"

चुकल्यावर इतकं उजळलेलं तोंड मी पुन्हा पाहिलं नाही.