शिट्टी शेवटच्याच्या गळ्यात

माणूस जिवंत असतो तोवर त्याचे किस्से दोन-चारच असतात, आणि तेही तो स्वतःच सांगून सांगून शिळे करतो. तो गेला की मात्र घरात किश्श्यांची रीघ लागते. दादा गेल्यापासून आमच्या पाटोद्याच्या घरी भेटायला येणारा प्रत्येक माणूस एक किस्सा सांगतो, चहा पितो आणि कप खाली ठेवताना त्याला दुसरा आठवतो. मग पुन्हा चहा. परवा आईनं रिकामा डबा वाजवून दाखवला. म्हणाली, "तुझ्या दादाच्या किश्श्यात साखर संपली." हसली, आणि मग आत जाऊन बराच वेळ बाहेर आलीच नाही.

दादा पोलीस भरतीच्या पोरापोरींना पळायला शिकवायचा. गावाबाहेर माळावर मैदान. चुन्याची फक्की मारून रेषा आखायचं काम माझं, ते झालं की मी माझं पंक्चरचं दुकान उघडायचो. शाळा मी आठवीतच सोडली, त्यामुळे सरळ रेषा एवढीच काय ती माझी विद्या. भरती तोंडावर आली आणि दादा गेला. मैदान चालू राहतंय की मोडतंय, अशी वेळ आली होती. ते पुढं सांगतो. आधी उंचीचं सांगतो.

*

दादा स्वतः भरतीला गेलता. पळण्यात पुढं, गोळाफेकीत चांगला, उंचीत बाद. अर्ध्या बोटानं!

लटकल्यानं उंची वाढते असं कुणीतरी सांगितलं. झालं, दादा रोज दारातल्या लिंबाला लटकायला लागला. आल्यागेल्याला फांदीवरून नमस्कार घालायचा. बरेच दिवस लटकल्यावर आईनं दाराच्या चौकटीला उभं करून खूण केली. खूण होती तिथंच. फांदी मात्र चांगली वाकली होती.

मी हसलो. दादा फांदीकडं बघत म्हणाला, "हसू नको बे. माझ्या मेहनतीनं कुणीतरी तर हललं."

दुसऱ्या महिन्यात त्यानं मैदान सुरू केलं.

*

सगळीकडं शिट्टी सरांच्या गळ्यात असते. आमच्याकडं ती शेवटच्याच्या गळ्यात.

झालं असं, की पळताना मागं पडलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी यायचंच नाही. लाजायचं. घरी पोट दुखतं म्हणून सांगायचं. दादानं डोकं लावलं. जो सगळ्यात शेवटी येईल, त्याच्या गळ्यात आपली शिट्टी घालायची आणि म्हणायचं, "उद्या लवकर ये. तुझ्याशिवाय कुणी पळणार न्हाई."

आणि खरंच कुणी पळायचं नाही. शिट्टीवाला येईपर्यंत पहिल्या नंबरचे गडी रेषेवर हात चोळत उभे. शेवटचं पोरगं ऐटीत यायचं, सगळ्यांकडं एकदा बघायचं आणि मगच शिट्टी फुंकायचं. एकानं तर आधी बुटाची नाडी बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली. दादा तोवर उभाच राहिला.

*

एकदा बीडच्या कुठल्याशा क्लासचे एक सर मैदानावर आले. सोबत फलक: 'भावनिक बुद्धिमत्ता आणि नेतृत्व'. पायात चकचकीत बूट. त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि म्हणाले, डोळे मिटा, स्वतःच्या अंगावर वर्दी बघा.

पोरं पहाटेची उठलेली. वर्दी कुणाकुणाला दिसली माहीत नाही, पण मागच्या ओळीतून घोरण्याचा आवाज यायला लागला. सर नाराज झाले. पोरांमध्ये मोटिव्हेशनच नाही म्हणाले. दादा लई अदबीनं म्हणाला, "सर, तुमी एक चक्कर मारून दाखवता का? पोरांना हुरूप येईल."

सरांना नाही म्हणता येईना. पळाले. पोरंही सोबत पळाली. सर सगळ्यात शेवटी आले, फलक धरल्यासारखे छातीला हात लावून. दादानं हसू न येऊ देता त्यांच्या गळ्यात शिट्टी घातली. "उद्या लवकर या सर. तुमच्याशिवाय कुणी पळणार न्हाई."

आम्हाला वाटलं, गेला माणूस शिट्टी घेऊन. दुसऱ्या दिवशी बघतो तर सर बीडवरून गाडी काढून आमच्या आधी हजर! बूटही पळायचे. पुन्हा शेवटी आले. पुन्हा शिट्टी. रात्री त्यांच्या बायकोचा दादाला फोन आला, की तुम्ही आमच्या ह्यांना काय केलंय?

तिसऱ्या दिवशी एक नवीन पोरगा आला, नितीन. जवळच्याच वस्तीवरचा, अंगानं जाड, चेहरा सदा माफी मागितल्यासारखा. तो सरांच्याही मागं राहिला. सरांनी स्वतःच्या हातानं शिट्टी त्याच्या गळ्यात घातली आणि पोराला कडकडून मिठी मारली. सुटले बिचारे.

*

तेव्हापासून शिट्टी नितीनकडंच. तो रोज शेवटी, आणि दादा रोज त्याच्या मागं पळायचा. मला ते बघवेना. मी म्हणालो, याला घरी पाठव, हा कशाला जागा अडवतो?

दादा म्हणाला, "हा गेला तर याच्या पुढचा शेवटचा होईल. तो गेला की त्याच्या पुढचा. असं करत करत मैदानात मी आन् तूच राहू. आन् तुझ्यासंगं मला न्हाई राहायचं."

*

दादा गेल्यावर कोमल भेटायला आली. ती आमच्याच मैदानावरची, आता पोलिसात. ड्युटीवरून थेट वर्दीतच आली. शेजारचे काका धावत माझ्या दुकानावर. "दत्ता, आता काय केलंस बे?" माझी कीर्ती तशी आहे. कुणी वाकडं बोललं की माझा हात आधी उठतो, डोकं मागून येतं.

कोमलनंही किस्सा आणलाच होता. दादा तिला कधीच जोरात पळ म्हणाला नाही. पोरांना मोठ्यानं सांगायचा, हळू पळा रे, कोमल आज दमलीय, तिला वाईट वाटंल. ती अशी पेटायची की सगळ्या पोरांना मागं टाकायची. भरती झाल्यावर पेढे घेऊन आली आणि त्याला विचारलं, सर, मला मुद्दाम चिडवायचात ना?

दादा म्हणाला, "राग तुझाच होता. मी फक्त त्याला रस्ता दाखवला."

*

दादा कसा गेला तेही सांगतो, लांबवत नाही. बीडवरून गोळाफेकीचा नवीन गोळा घेऊन येत होता. मांजरसुंब्याच्या पुढं फोन वाजला. गाडीवर बोलायचं नाही, हा त्याचा नियम. म्हणून गाडी बाजूला लावली आणि उभं राहून बोलला. फोन ठेवला, तेवढ्यात मागून टेम्पो आला. नियम पाळला म्हणून गेला. पिशवीत गोळा तसाच होता. त्याला ओरखडासुद्धा नाही. मी तो उचलून बांधावर आपटला, तर बांधाचा दगड फुटला.

शेवटचा फोन नितीनचा होता.

*

दहावा उरकला आणि मी मैदानावर गेलो. शिट्टी नितीनकडं, नितीन गायब. मी बाजारातून नवीन शिट्टी आणली आणि जीव खाऊन फुंकली. एकही पाय रेषेवरून हलला नाही. मी शिव्या घातल्या. पोरं खाली बघत उभी. रोज दोन-तीन कमी व्हायला लागली.

एका सकाळी कोमल रस्त्यानं जाताना थांबली. माझा तमाशा तिनं पुरता बघितला. मी तिलाच विचारलं, दादा काय शिव्या देत नव्हता का? मग माझ्याच का लागतात?

"सर नाव घेऊन शिव्या द्यायचे," ती म्हणाली. "प्रत्येकाला त्याची वेगळी. तू सगळ्यांना मिळून एकच देतोस."

मला राग आला. पण पोलिसाला काय बोलणार!

*

तो राग घेऊन मी नितीनच्या वस्तीवर गेलो. सरळ सांगतो, दात पाडायलाच गेलतो. त्याच्या आईनं बाज टाकली, पाणी दिलं, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बरं झालं आलास बाबा. लेकरू जेवंना झालंय."

नितीन गोठ्यात बसला होता. शिट्टी मुठीत. मला बघून उठला आणि हात मागं बांधून उभा राहिला, मार खायला.

माझा हात वर गेला होता. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "फोनवर काय बोलला तो?"

नितीननं दादाला सांगितलं होतं म्हणे, की सर, मी उद्यापासून येत न्हाई, माझ्यानं होत न्हाई.

"मग?"

"सर म्हनले, बरं, नको येऊ. शिट्टी तेवढी आणून दे. तुझ्याशिवाय कुणी पळणार न्हाई."

मग मला हसू फुटलं, आणि हसता हसता त्याचं काय झालं ते मलाच कळलं नाही. नितीनची आई चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

उठताना मी एवढंच म्हणालो, "मग आणून दे की बे."

*

दुसऱ्या दिवशी मी फक्की मारायला गेलो, तर नितीन आधीच रेषेवर उभा. पोरं येत गेली. काही पांगलेलीही आली, कुणी सांगितलं कोण जाणे. नितीननं सगळ्यांकडं एकदा बघितलं आणि शिट्टी फुंकली.

सगळे पळाले. नितीनच्या मागं पळायला कुणी नव्हतं, म्हणून मी पळालो. चप्पल वाटेतच सोडली. पहिल्या चक्करला त्याच्या मागं होतो. दुसऱ्याला त्याची पाठ लांब जायला लागली. सोळाशे मीटर एवढे असतात, हे मला रेषा मारताना कधी कळलं नव्हतं. जिथं दादा उभा राहायचा तिथं आलो आणि पाय थांबले. गुडघ्यावर हात ठेवून उभा राहिलो. सगळे पोहोचले होते आणि कुणीच घरी जात नव्हतं.

कसाबसा रेषेपर्यंत आलो. नितीन पुढं आला. एरवी तो मला दत्ताभाऊ म्हणतो, अहो-जाहो करतो. त्यानं गळ्यातली शिट्टी काढली आणि माझ्या गळ्यात घातली.

"उद्या लवकर ये," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय कुणी पळणार न्हाई."