ठिगळाचा काठ

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी चंद्रपूरच्या बाजारात सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होते. जेवण झालं का, हे त्यांनी नेहमीसारखं आधी विचारलं. मी नाही म्हटलं. "मंग जेवून घे आधी, मंग सांगतो," ते म्हणाले, आणि मला कळलं. माझी थोरली बहीण, इंदूबाई, भद्रावतीच्या घरी सकाळचा चहा घेता घेता गेली होती.

आम्ही भावंडं तिला नुसतं बाई म्हणायचो. तिला साधं झबलंही धड बेतता येत नसे, पण काही फाटलेलं दिसलं की तिला हुरूप यायचा. ठिगळ लावायचं आणि मग त्याच्या चारी कडांना रंगीत दोऱ्याने काजटाका घालायचा. काठाशिवायचं ठिगळ तिला नागडं वाटे. त्यातही कापडाच्या रंगाशी जुळणारा दोरा तिला चालत नसे. भाऊजींच्या कामावरच्या खाकी शर्टाच्या कोपराला तिने पोपटी काठ घातला, तेव्हा ते बिचारे कारखान्यात कितीतरी दिवस हाताची घडी घालून वावरले. माझ्या काळ्या छत्रीवरच्या ठिगळाला तिने भडक गुलाबी टाके घातले. ती छत्री मी चंद्रपूरच्या बसमध्ये मुद्दाम विसरले, तर दुसऱ्या दिवशी कंडक्टरने ती आणून दिली. अशी दुसरी छत्री त्या रस्त्यावर नव्हतीच. जरा दिसणार नाही असं शिवत जा, असं मी तिला एकदा म्हटलं. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "फाटलं ते लपवाचं काऊन? आपण का चोरी केली?"

तिच्या मुलीचं, वर्षाचं लग्नही या काठानेच जमलं. चिमूरची मंडळी बघायला यायची होती, म्हणून मीही भद्रावतीला गेले होते. वर्षाने आधीच सांगून ठेवलं होतं की चहा देईन, पण होकार देणार नाही. याआधीच्या स्थळांनी तिला इतकं तपासून पाहिलं होतं की तिला या प्रकाराचाच वीट आला होता. मुलगा दिनेश, त्याचे वडील आणि एक काका आले. बाई बाहेर आली तसा दिनेश नमस्कारासाठी उठला आणि टर्रकन आवाज झाला. खुर्चीला वर आलेला खिळा होता. तो ठोकायचं भाऊजी दिवाळीपासून म्हणत होते.

पँट मागून अशी फाटली होती की मुलाला बसताही येईना आणि वळताही येईना. बाईच्या चेहऱ्यावर मला काळजीपेक्षा आनंदच जास्त दिसला. तिने त्याला आत नेऊन भाऊजींची लुंगी दिली, वर्षाच्या जुन्या कुर्त्याचं फुलाफुलांचं कापड काढलं आणि सगळ्यांसमोर शिवायला बसली. दिनेश लुंगीचा घोळ मुठीत धरून समोर. ठिगळ लागलं तसे वडील उठले, चिमूरची बस निघून जाईल म्हणाले. बाईने मान वर केली नाही. "बसा भाऊ. काठ राह्यला."

मग टाका घालत घालत तिने मुलाला विचारायला सुरुवात केली. दारू पितो का, स्वयंपाक येतो का, आईवर ओरडतो का… लुंगीतला माणूस खोटं बोलण्याच्या मनःस्थितीत नसतो. वरण-भात येतो, भाकर नाई, असं त्याने सांगितलं. वर्षा चहा घेऊन आली ती तोंड पाडूनच. बाईने तेवढ्यात दोरा बदलायला निळं रीळ उचललं होतं. दिनेश थोडा पुढे वाकला आणि अगदी मनापासून म्हणाला, "मावशी, निळा दिसणार नाई. पिवळा घ्या न."

वर्षा इतकी हसली की बशीत चहा सांडला. तोही हसला. बाईने पिवळा दोरा ओवला आणि त्यानंतर एकही प्रश्न विचारला नाही. मंडळी बसस्टॉपकडे निघाली तेव्हा वडील मुलाच्या अगदी मागे चिकटून चालत होते, आणि दिनेश मात्र सारखा बाजूला होत होता. आत वर्षा आईला म्हणाली, "हा चालते मले."

आता ती दोघं मोहर्लीला राहतात. तेरवीनंतर तीही दोघं परतली आणि भाऊजींसोबत मी काही दिवस मागे राहिले. एका दुपारी त्यांनी मला पंख्याखाली पलंग दिला, मच्छरदाणी लावून दिली आणि स्वतः बाहेर पेपर घेऊन बसले. आडवी झाल्यावर वर पाहिलं. जाळीवर जागोजागी बाईची ठिगळं होती, लाल, जांभळ्या काठांची. पायाकडे एक भोक नवं होतं. त्यावर भाऊजींनी जखमेला लावायची पांढरी चिकटपट्टी डकवली होती, आणि पट्टीच्या चारी कडांना हिरव्या पेनाने बारीक उभ्या रेघा ओढल्या होत्या. एका कोपऱ्यात जागा पुरली नव्हती, तिथे रेघांची दाटी झाली होती…

बाहेरून भाऊजींनी विचारलं, "मच्छर येते का आत?"

मी नाही म्हटलं. येत होते.