साडूची पाकिटं

तापीला यंदा किती पाणी चढेल हे बुऱ्हाणपुरात कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण येत्या मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या खिशात किती रुपये असतील हे आजच सांगणारा एक माणूस या गावात आहे, आणि दुर्दैवानं तो माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीनं नवरा पसंत करताना माझा जरा विचार करायला हवा होता.

कागदाच्या कारखान्यात कारकुनी करणारा हा गृहस्थ चहाचा कप खाली ठेवायच्या आत चहा वहीत लिहितो. बहादरपूरच्या मित्रानं केळीचा फणा दिला तर तोही लिहितो, ‘केळी, फुकट. मित्राला चहा, दहा रुपये.’ त्याच्या कपाटात पाकिटं आहेत. ‘मुलीची फी’, ‘दिवाळी’, ‘कूलर’. दर पगाराला त्यांत नोटा पडतात आणि कूलर खरोखर येतो, तोही उन्हाळ्याआधी. आमचा येतो जूनमध्ये, हप्त्यावर. "जिजाजींचं बघा जरा," बायको म्हणते. तेरा वर्षं मी दुसरं काय करतोय?

डॉक्टरांनी सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन वर्षभरात करून घ्या म्हटलं, तेव्हा साडूनं तोंड उघडायच्या आत मी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "अर्धा खर्च माझा." मग मीही वही आणली, पाकीट केलं, त्यावर झोकात ‘आईंचा गुडघा’ लिहिलं. फक्त ऑफिसातून येताना रोज मावा जलेबी व्हायची, वही बायको वाचेल म्हणून ती ‘मेथी’ लिहीत गेलो. महिनाअखेर तिनं बेरीज केली. "बावीस दिवस मेथी? घरात तर एक काडी नाही आली. बकरी पाळली का कुठे?"

वर्ष सरलं तेव्हा पाकिटात अकराशे चाळीस रुपये होते. ते घेऊन साडूसमोर बसलो. त्यानं दोनदा मोजले.

"बाकीचं मी ॲडजस्ट करून ठेवलंय."

"कधीपासून?"

"तुम्ही अर्धा म्हणालात ना, त्या दिवसापासून."

असा जळलो म्हणता! पैसे नाहीत तर निदान दवाखान्यात मी राहतो म्हणालो, आणि आठ दिवस राहिलो. सासूबाईंना पेज भरवली, सिरियलमधल्या सुनांची निंदा ऐकली, पदरची थोडी भर घातली. नवव्या दिवशी त्या माझ्या खांद्यावर भार टाकून चालल्या. "अरे मेल्या, हळू. माझी काय बस सुटतेय?" तेवढ्यात बिल भरून साडू आला. त्याला पाहताच त्यांनी डोक्यावर पदर घेतला. "या जावईबापू. बसा."

तो बसला नाही. जिना उतरताना म्हणाला, "पंधरा वर्षं झाली. मला एकदा पण मेल्या नाही म्हणाल्या."

मी हसलो. तो हसला नाही. त्या दिवशी काही केल्या मला त्याचा हेवा वाटेना. आणि इतक्या वर्षांची सवय, घरी पोचेपर्यंत नुसतं चुकल्याचुकल्यासारखं होत राहिलं.