होप्नर शेवटाआधी निघतात

माझे सासरे नॉर्बर्ट होप्नर यांनी आयुष्यात बेसबॉलचा एकही सामना पुरता पाहिला नाही. नाटकाचा शेवटचा प्रवेश हा तर, त्यांच्या मते, ज्यांना अक्कल नाही अशा लोकांसाठी लिहिलेला असतो. आणि तरीही उन्हाळा लागला की सेंट लुईस शहरात सामन्याला आणि बागेतल्या उघड्यावरच्या नाटकाला त्यांच्याइतक्या नेमाने जाणारा दुसरा माणूस मिळाला नसता. जायचं, मन लावून बघायचं आणि ऐन रंगात आलं की उठायचं. कारण काय, तर गाड्यांची गर्दी. शेवटपर्यंत बसणाऱ्याला शेवट बघायला मिळतो आणि मग तासभर पुढच्या गाडीचं बूड बघायला मिळतं, असं ते सांगत. ते बुटांच्या कारखान्यात चामडं कापायचे. कडेचं जास्तीचं कापून टाकायची सवय हाताला लागली होती, ती संध्याकाळीही सुटत नसे.

गाडी लावायचं त्यांचं एक शास्त्र होतं. फाटकाच्या जवळ आणि तोंड बाहेर. ती जागा मिळावी म्हणून होप्नर कुटुंब इतक्या लवकर येऊन बसे की मैदानावर खेळाडू सोडाच, गवतावर पाणी मारणारेसुद्धा आलेले नसत. माझ्या सासूबाई, लॉरेन, डब्यातली तळलेली कोंबडी मांडीवर घेऊन उन्हात तापत बसायच्या आणि म्हणायच्या की नंतरची दहा मिनिटं वाचवायला हा माणूस आधीची दुपार खर्च करतो. सगळ्यांच्या हातात कोपऱ्यावरच्या अंत्यविधीवाल्याने फुकट वाटलेले पुठ्ठ्याचे पंखे. एका बाजूला कोकरू घेतलेला येशू, दुसऱ्या बाजूला अंत्यविधीवाल्याचा फोन नंबर. नाटकाला हजारो लोक मरणाच्या जाहिरातीने वारा घेत बसलेले असत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

बेसबॉलचे डाव नऊ. सातव्या डावाच्या मध्याला सगळं मैदान उठून उभं राहतं, आळस देतं आणि एक जुनं गाणं म्हणतं, अशी आमच्याकडे पद्धत आहे. नॉर्बर्टना ही पद्धत फार सोयीची. सगळे उभे राहिले की होप्नरही उभे राहत. सगळे बसले की होप्नर नसत. माझी बायको रोझली लहानपणी समजायची की ते गाणं आपल्याला निरोप द्यायला म्हणतात. एवढी माणसं आपल्यासाठी उठतात म्हणून ती जाता जाता हात हलवायची.

मग बाहेर, गाड्यांच्या मधून चालताना, पाठीमागून गलका यायचा. काहीतरी झालेलं असायचं. पोरं वळून बघायची तर उंच भिंत. रोझली म्हणते, आनंद म्हणजे भिंतीपलीकडून येणारा आवाज, अशीच तिची कितीतरी वर्षं समजूत होती.

सामन्याचा शेवट निदान गाडीतल्या रेडिओवर ऐकायला मिळे. नाटकाचं काय? नाटकाचा शेवट नॉर्बर्ट स्वतः सांगत, गाडी चालवता चालवता. त्यांनी तो कधी पाहिलेला नसे, पण त्यामुळे सांगताना अडचण यायची नाही. त्यांच्या शेवटात कुणी मरत नसे. सगळे वेळेवर घरी पोचत, लग्न होई आणि नायक खिळे-मोळ्यांचं दुकान काढी. राजपुत्र असो, दर्यावर्दी असो, दुकान ठरलेलं. एकदा शाळेत बाईंनी सांगितलं की अमुक नाटकात नायक मरतो. रोझली त्यांच्याशी भांडून आली. मरतो कसा, त्याने दुकान काढलं, माझ्या डॅडींनी सांगितलंय.

मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा सामन्याला गेलो तेव्हा जावई व्हायचा होतो. आमच्या घरची माणसं झाडूवाला येऊन पायाखाली झाडू लागेपर्यंत न उठणारी. सातव्या डावाचा मध्य जवळ आलेला, बरोबरीचा सामना, कुणीही जिंकेल अशी वेळ, आणि माझ्या शेजारी खिशात किल्ल्या वाजल्या. नॉर्बर्टचा जुडगा मोठा होता. कारखान्याची, चर्चच्या तळघराची, बहिणीच्या घराची, सगळ्या किल्ल्या एकत्र. ते तोंडाने काही बोलत नसत. खिशात हात घालून जुडगा दोनदा हलवायचे. घंटा ऐकून गाई उठाव्यात तसं सगळं कुटुंब उठलं. मला वाटलं कुणाला तरी बरं वाटेनासं झालं. रोझलीने माझी बाही ओढली आणि म्हणाली, "चल डेल, विचारू नकोस."

मी विचारलं नाही, लग्न केलं आणि पुढे मीही त्या आवाजावर उठू लागलो.

नॉर्बर्ट गेले ते एप्रिलमध्ये, मोसम नुकताच सुरू झाला होता. जेवता जेवता गेले. ताटात अर्धा पोर्क स्टेक तसाच होता. कुठलीही गोष्ट संपेपर्यंत बसायचं नाही, हे त्यांनी तिथेही पाळलं. दफनाच्या दिवशी त्यांची शववाहिका सगळ्यात पुढे आणि बाकीच्या सगळ्या गाड्या रांगेने मागे. लॉरेन खिडकीतून मागे बघत म्हणाल्या की आज हा खूश असेल. आम्ही हसलो. त्यांची हिरवी गाडी महिन्याभरात विकून टाकली. तेल गळायचं, कुणी घेत नव्हतं, शेवटी भंगारवाल्याने नेली.

त्याच सुमाराला लॉरेनना जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की हृदयाची एक झडप बदलायला हवी. बदलली तर पुष्कळ वर्षं मिळतील, नाही बदलली तर फार दिवसांची आशा धरू नका. लॉरेननी ऐकून घेतलं, डॉक्टरांचे आभार मानले आणि घरी येऊन नको म्हणून सांगितलं. रोझली रडली, चिडली, जेवायची थांबली. लॉरेन तिच्यापुढे ताट सरकवत राहिल्या.

जुलैमध्ये आम्ही त्यांना सामन्याला नेलं. तिकिटं काढताना सवयीने चार काढली. वाटेलगतची खुर्ची नॉर्बर्टची, ती रिकामी राहिली आणि त्या गर्दीत कुणी तिथे बसायलाही आलं नाही. सातव्या डावात सगळे उठले, गाणं झालं, सगळे बसले, आणि लॉरेन जागेवर नव्हत्या.

शोधत शोधत आम्ही बाहेर गाड्यांपाशी पोचलो. सगळा वाहनतळ खच्चून भरलेला. फाटकाजवळची एकच जागा मोकळी. तिथे लॉरेन उभ्या होत्या, काखेत पर्स, एक हात पुढे, गाडीच्या दाराच्या उंचीवर. उन्हात डोळे बारीक करून त्यांनी आमच्याकडे बघितलं.

"दार उघडत नाहीये," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही कशाला आलात तिकिटं फुकट घालवून?"

रोझलीने त्यांचा तो हात खाली घेतला. मी जमिनीकडे बघत होतो. डांबरावर तेलाचा डाग होता, ओला, आणि मी बघत असताना त्याच्या शेजारी आणखी एक थेंब पडला. वरती काहीच नव्हतं. तेवढ्यात भिंतीपलीकडून मोठा गलका आला आणि तिघांपैकी कुणीही मागे वळून बघितलं नाही.

त्यानंतर लॉरेन काही लपवेनाशा झाल्या. बटाटे सोलता सोलता सहज सांगत, की नॉर्ब येऊन थांबतो. कधी गल्लीच्या तोंडाशी, कधी चर्चच्या दारात. भीती नाही, रडणं नाही. मला त्यातलं हे सहजपणच सोसत नसे. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नाही, पण त्या दिवसांत गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी दिसली की मी रस्ता ओलांडून पलीकडून जाई.

एका दुपारी रोझलीचा धीर सुटला.

"मॉम, पुष्कळ वर्षं मिळतील म्हणालेत डॉक्टर. पुष्कळ."

"आणि ती घेऊन मी काय करू? सगळे एकदम निघतील त्या गर्दीत उभी राहू?" लॉरेननी सुरी खाली ठेवली. "तो गाडी चालू ठेवून बसलाय, रोझली. फुकट पेट्रोल जाळायला त्याला किती जिवावर येतं, तुला ठाऊक आहे."

ऑगस्टमध्ये बागेतल्या नाटकाला जायचं ठरलं, ते रोझलीने ठरवलं. आज शेवटपर्यंत बसायचं, म्हणाली. एकदा मॉम शेवटपर्यंत बसली की पुढचं मी बघते. उतारावर सगळ्यात मागे फुकट जागा असतात, तिथली अगदी शेवटची रांग आम्ही धरली. मागे कुंपण आणि ओकची झाडं. वाटेच्या बाजूला रोझली, पलीकडे मी, मध्ये लॉरेन. दोन शिपायांच्या मध्ये कैदी बसवावा तसं.

"मला काय कुणी पळवून नेणार आहे?" लॉरेननी विचारलं.

नाटकात एका नावाड्याची मुलगी होती आणि गावोगाव घड्याळं विकत फिरणारा एक तरुण. गाणी बरी होती. उकाडा असा, की लाकडी बाक पाठीला चिकटत होतं. झाडांवर रातकिडे गायकांवर मात करत होते. अंधार पडला. पंखे हलत होते. खाली उतारभर शेकडो येशू मागेपुढे होत होते. तरुण निघाला होता, मुलगी धक्क्यावर उभी होती, ढग गडगडल्याचा आवाज पत्रे हलवून काढत होते, आणि माझ्या मानेच्या मागे किल्ल्या वाजल्या.

दोनदा.

मी मागे बघितलं. कुंपण, झाडं, आणखी कुणी नाही. लाज वाटते सांगायला, पण माझे पाय आपोआप सरळ झाले. मी अर्धा उठलो होतो. पलीकडे बघतो तर रोझली पूर्ण उठलेली. खांद्याला पर्स, हातात रिकामा डबा, नजर जमिनीवर. पन्नाशीची बाई लहान मुलीसारखी बाहेर जायच्या वाटेकडे वळलेली. तिने हे ठरवून केलं नव्हतं. ती काय करतेय हे तिला कळतही नव्हतं.

आम्ही दोघे पहारेकरी उभे होतो आणि कैदी बसलेली होती.

लॉरेननी मान वर करून लेकीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. किल्ल्या पुन्हा वाजल्या, या वेळी अगदी जवळ, आणि रोझलीने एक पाऊल टाकलं. लॉरेननी तिच्या झग्याची कड धरली.

"बस खाली," त्या म्हणाल्या.

रोझली बसली. मग लॉरेन बाकावर सावकाश वळल्या, कुंपणाकडे तोंड केलं आणि स्वयंपाकघरातून अंगणात हाक मारावी तशा साध्या आवाजात बोलल्या.

"नॉर्ब, तू हो पुढे. पोरीने जन्मात एक शेवट बघितलेला नाही. मी तिच्याजवळ बसते. येईन मागून, घाई करू नकोस."

पुढच्या रांगेतल्या बाईने वळून शूऽ केलं.

आवाज थांबला. किती वेळ ते सांगता येत नाही. त्या वेळात रातकिडेही गप्प होते, असं मला वाटतं. मग किल्ल्यांची किणकिण कुंपणाच्या कडेने उतारावरून खाली खाली जात राहिली. नॉर्बर्ट नेहमी चालायचे तशी, भराभर. लांबवर दार आपटलं. एक इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि सुरू झालं. भंगारात गेलेल्या त्या गाडीचा खोकला होप्नरांच्या घरात कोणीही ओळखला असता. रोझलीने माझा हात इतका घट्ट धरला की तिच्या अंगठीचा वळ उठला.

नाटकाचा शेवट झाला. घड्याळवाल्याची होडी वादळात बुडाली आणि मुलगी धक्क्यावर एकटी उभी राहिली. दिवे लागले, लोक उठून टाळ्या वाजवू लागले. माझ्या सासूला आणि बायकोला आता काय करतात ते माहीत नव्हतं. त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे बघून जरा उशिराने टाळ्या वाजवू लागल्या.

"म्हणजे दुकान नाहीच काढलं," लॉरेन म्हणाल्या. "नॉर्बने हे बघितलं असतं तर त्याला झोप लागली नसती."

आणि मग गर्दी. नॉर्बर्टनी ज्याची आयुष्यभर धास्ती घेतली ती गर्दी आम्ही पहिल्यांदा बघितली. गाड्या जागच्या हलत नव्हत्या आणि कुणाला त्याचं काही नव्हतं. लोकांनी दारं उघडी टाकली होती, पोरं टपांवर चढून नाटकातली गाणी वाकडी-तिकडी म्हणत होती, शेजारच्या गाडीतला एक लठ्ठ गृहस्थ कलिंगड कापून खिडक्या-खिडक्यांतून फोडी देत होता. लॉरेननी दोन खाल्ल्या. तिसरी मागून घेतली. त्या गृहस्थाने त्यांना कुठल्या शाळेत होतात म्हणून विचारलं, तर त्याची मावशी लॉरेनच्या वर्गात निघाली. त्यावर अर्धा तास गेला. रांग हलली तेव्हा मागच्यांनी भोंगे वाजवले आणि लॉरेननी त्यांना हाताने थांबायची खूण केली.

गाडीत बसल्यावर त्यांनी हात पुसले. मग पुसलेल्या हातांकडे बघत म्हणाल्या की त्या डॉक्टरला फोन कर. मात्र सप्टेंबरचे सामने होऊन जाऊ देत. रोझली हो म्हणाली. मीही हो म्हणालो.

घरासमोर गाडी थांबवली आणि तिघेही बसून राहिलो. पुढच्या ओसरीवरचा दिवा लागलेला होता. आम्ही निघालो तेव्हा लख्ख ऊन होतं. मी रोझलीकडे बघितलं, रोझलीने माझ्याकडे. दोघांनीही नकारार्थी मान हलवली, दिवा आम्ही लावलेला नव्हता.

लॉरेननी दार उघडलं आणि उतरता उतरता, जराही आवाज न बदलता, म्हणाल्या,

"तो केव्हाच पोचला असेल. त्याला काय, रस्ता मोकळा मिळाला."