मागच्या चाकाचा चेक नट

ती गाडी अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. लातूरहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, सोयाबीनच्या रानात उलटी पडलेली, निळी, जमिनीला टेकेल इतकी ठेंगणी. पोलिसाच्या नोकरीत अपघात इतके पाहिले की पंचनामे एकमेकांत मिसळून गेले. हा मात्र वेगळा राहिला. नावं कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून त्याच गावांत राहतात.

गाडीत दोघे सख्खे भाऊ होते. थोरला लातूरला दातांचा डॉक्टर. तो चालवत होता. मांडीचं हाड मोडलं, पण वाचला. शेजारी बसलेला धाकटा जळकोटला शिक्षक म्हणून नुकताच लागला होता. तो जागेवरच गेला. वडील निवृत्त मुख्याध्यापक. भर दुपारची वेळ, रस्ता सरळ आणि कोरडा, समोरून वाहन नाही. बांधावर गवत कापणाऱ्या बाईने जबाबात सांगितलं, "गाडी नीट चालली होती साहेब. मागूनच वाकडी झाली, कुनी शेपूट धरून ओढल्यावानी."

अंत्यविधी उरकल्यानंतर ठाण्यात निनावी फोन आला. ठाणे अंमलदाराने रिसीव्हर माझ्याकडे दिला. पलीकडचा माणूस सावकाश बोलत होता. "त्या गाडीच्या मागच्या चाकांचे आर्म बदललेले आहेत. नांदेडच्या गॅरेजवाल्याने ते बसवले. त्याचं आणि डॉक्टरांचं भांडण झालं होतं. नट मुद्दाम ढिला ठेवला गेला का, हे तपासावं." मी नाव विचारेपर्यंत फोन ठेवला गेला.

आर्म म्हणजे नक्की काय, हे मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. मोटार वाहन निरीक्षकांनी गाडीपाशी उकिडवं बसून दाखवलं. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे लोखंडी दांडे. कंपनीचे ठरावीक लांबीचे येतात. पण वेगाची हौस असलेले लोक गाडी ठेंगणी करून घेतात. मग मागची चाकं वरून आत कलतात आणि टायर आतल्या बाजूने झिजतात. म्हणून ते लांबी कमीजास्त करता येणारे आर्म बसवतात. मधली नळी फिरवली की आर्म लांबतो किंवा आखडतो. जुळवून झालं की टोकांचे चेक नट आवळायचे, म्हणजे नळी जागची हलत नाही. या गाडीत डावीकडच्या एका आर्मचे नट सुटलेले होते. धक्क्यांनी नळी फिरत गेली आणि वेगात असताना मागचं चाक आपोआप वळलं.

"घातपात?" मी विचारलं.

"ढिला राहिला का ढिला केला, ते मी कसं सांगू?" निरीक्षक हात पुसत म्हणाले. "ते तुमचं काम."

गॅरेजवाला मूळचा हदगावकडचा. डिप्लोमा करून पुण्यात काही वर्षं काम केलेला, स्वभावाने ताठ, गिऱ्हाइकाला तोंडावर चूक म्हणणारा. सकाळी आमची जीप त्याच्या दारात उभी राहिली तेव्हा शेजारचे दुकानदार बाहेर येऊन बघत होते. ठाण्यात त्याला समोर बसवलं.

"डॉक्टरांशी भांडण झालं होतं?"

"झालं ना. कशाला खोटं बोलू? मी म्हणलो, डॉक्टर, रबरी बुशवाले आर्म घ्या, टोकाचं रबर धक्का खातं. तुम्हाला रोज दवाखान्यात जायचंय, शर्यत न्हाई लावायची. त्यायला बॉल जॉइंटवालेच, लोखंडावर लोखंड, पायजे होते, का तर गाडी वळणावर घट्ट बसते. दिले बसवून. मंग फोन सुरू. खड्ड्यात कटकट वाजून राहिलं म्हणे, चाकं बी मनासारखे दिसून न्हाई राहिले. मी म्हणलो, आणा, मशीनवर लावून सेटिंग करून देतो. तर मलाच म्हणले, तुला जमत न्हाई."

"राग आला असेल."

"आला. म्हणून काय मानूस मारीन का म्या?"

"नट ढिला कसा झाला मग?"

"साहेब, सेटिंग झाल्यावर नट आवळून मी वरून पिवळ्या रंगाची रेघ ओढतो. अर्धी नटावर, अर्धी नळीवर. नट कुनी हलवला की रेघ तुटते. जाऊन बघा. मंग मला आत टाका."

समोर बसलेला माणूस असं काही ना काही सांगतोच. तरी गेलो. जप्त केलेली गाडी ठाण्याच्या मागच्या आवारात होती. हवालदाराने पाणी मारून चिखल काढला. उजवीकडची रेघ अखंड होती. डावीकडची तुटलेली होती. नटांवर आणि नळीवर दातेरी खुणा उमटल्या होत्या, आणि तिथला पिवळा रंग खरवडून निघाला होता. हवालदार स्वतः घरची नळदुरुस्ती करणारा. तो म्हणाला, "हा पाइप पाना हाय साहेब." गॅरेजमध्ये जाऊन पाहिलं तर तिथले पाने सपाट तोंडाचे. दातेरी पाना एकही नव्हता. संध्याकाळी त्या माणसाला घरी सोडलं. पण त्याला जीपमध्ये बसताना गल्लीने पाहिलं होतं. सोडलेलं कुणी पाहत नाही.

पुरवणी जबाबासाठी मी लातूरला डॉक्टरांच्या घरी गेलो. मुख्याध्यापकांनी खुर्ची दिली, स्वतः उभेच राहिले. आतून बायकांचा हळू आवाज येत होता. हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. फरशीवर तेलाचा डाग होता, भिंतीशी जॅक ठेवलेला, आणि नळाखाली पाइप पाना. उचलून पाहिला तर दात्यांच्या फटीत पिवळा रंग.

"हा कुणाचा, सर?"

"माझा. नळाचं काम केलं होतं."

"नळाला पिवळा रंग दिसत नाही."

ते पायरीवर बसले आणि सावकाश म्हणाले, "साहेब, याची नोंद न घ्यावी, ही विनंती." त्या तोलून बोलण्यावरून फोन कुणी केला होता ते माझ्या लक्षात आलं. मी विचारलं. त्यांनी नाकारलं नाही.

"गाडी तपासली की ढिला नट दिसणारच होता. एक गेला. दुसऱ्याला आरोपी म्हणून उभं करायचं, आणि ते त्याच्या आईनं बघायचं? गॅरेजवाला सुटलाच असता. पुरावा कुठं होता त्याच्याविरुद्ध?"

"आणि सुटेपर्यंत त्यानं काय करायचं होतं, सर?"

उभा जन्म मुलांना खरं बोला म्हणून सांगत आलेला माणूस माझ्या डोळ्यांत बघत नव्हता. मलाही बघवत नव्हतं.

आतल्या खोलीतून हाक आली. "बाबा, साहेबांना आत पाठवा." डॉक्टर प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून पडले होते. सगळं ऐकलेलं होतं. खालच्या आवाजात त्यांनी जबाब दिला. मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांनी अंगणातच गाडी जॅकवर घेतली. डावीकडची नळी फिरवून चाक मनासारखं केलं. नट नुसते टेकवले.

"नीट आवळणार होतो. तेवढ्यात आईनं जेवायला हाक मारली. जेवून उठलो आणि विसरलो. उजवीकडचं नांदेडला दुसऱ्या गॅरेजात मशीनवरच करून घेऊ म्हणून निघालो. भावाला म्हटलं, चल सोबत. हळूच चालवत होतो साहेब. मोकळा रस्ता लागला तसा तो म्हणाला, दादा, जरा पळव की, बघू काय फरक पडलाय." ते छताकडे बघत राहिले. "मी पळवली."

लिहून झाल्यावर सही करताना त्यांनी माझा हात धरला. "आईनं हाक मारली, तेवढं लिहू नका. तिला वाटेल तिच्यामुळं झालं."

त्या वाक्याने गुन्ह्यात काही फरक पडत नव्हता. मी पान बदललं आणि जबाब पुन्हा लिहिला.

निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याचा गुन्हा दाखल झाला, दोषारोपपत्र गेलं. डॉक्टरांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. झालेली शिक्षा सौम्य होती. वडिलांच्या फोनबद्दल वरिष्ठांनी त्यांना बोलावून समज दिली आणि विषय तिथेच संपवला. कागदावर सगळं सरळ झालं.

या तपासाने मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर सांगणं जड जातं. आम्ही पोलीस आधी दुश्मन शोधतो. भांडण सापडलं की अर्धा तपास झाला असं वाटतं. पण घराघरांत डोकावून पाहिल्यावर कळलं की खोटं बोलणारी बहुतेक माणसं कुणाला तरी वाचवत असतात, आणि वाचवताना त्यांचा पाय ज्याच्यावर पडतो तो त्यांना दिसत नाही. हे कळून मी हुशार झालो नाही. नुसता थकलो.

निकालानंतर मुख्याध्यापक एकदा ठाण्यात आले. त्यांना गॅरेजवाल्याला भेटायचं होतं, एकट्याने जायचं धाडस होत नव्हतं. मी सोबत गेलो. गॅरेज चालू होतं, पण वेगवान गाड्या आता तिथे येत नव्हत्या. तो शाळेच्या एका व्हॅनखाली काम करत होता. सरांनी हात जोडले.

"हात खाली घ्या सर," तो उठून म्हणाला. "माफ केलं म्हणल्यानं गिऱ्हाईक वापस येत न्हाई. उगं कशाला खोटं बोलू?"

सर मान खाली घालून उभे राहिले. तो पुन्हा व्हॅनकडे वळला, मग थांबला.

"डॉक्टर चालून राहिले का आता?"

"चालतो. घराबाहेर पडत नाही. सगळं आपल्याच हातानं बिघडलं म्हणतो."

"पाठवा त्यायला हिकडं. गाडी नगं, नुसतं या म्हणा. नळी त्यायनं बरोबर फिरवली होती. आट्यांवर नट टेकल्याची खूण राहिली होती, तिच्यावरून निरीक्षक साहेबानं मापं काढून मला दाखवली. त्यायचं सगळं न्हाई चुकलं. नट आवळायचं राहिलं, तेवढंच. हे घरचं कुनी सांगितलं तर खरं वाटनार न्हाई. मी सांगतो."

परतताना सर जीपमध्ये रडले. मी ड्रायव्हरला गाडी हळू चालवायला सांगितलं. पुढे डॉक्टर नांदेडला गेले की नाही, मी विचारलं नाही. तपास संपला होता, आणि विचारायचा मला हक्क उरला नव्हता.