आत्या, मला सगळं पोचतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आत्याला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी कोल्हापुरात कॉलेजवर शिकवतो. माणसं उद्या यंत्रांशीच बोलत बसतील का, असं कुणी विचारलं की मत द्यायला मी एका पायावर तयार. तासभर बोलतो. आणि बोलताना जीभ एकदाही अडखळत नाही — याची लाज वाटते.

आत्या नेसरीत एकटी राहते. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. रोज सकाळी डेअरीला दूध घालून आली की तिचा फोन — फॅट किती लागली, म्हशीनं वैरण का टाकली, शेजारणीची सून का रुसली. आणि काय सांगायची बाई! साधं रेडकू दावं तोडून पळालं, तरी गावभर त्याच्यामागं आपणच धावतोय असं वाटावं. मला त्यातली गंमत कळत नव्हती का? कळत होती. पण सकाळची घाई असायची, आणि — खरं सांगू? — कंटाळा यायचा.

मग मी तिला एक फोन नेऊन दिला — आपण बोललो की उत्तर देणारा. तिनं विचारलं, "ह्याच्यासंगं बोलून तुला कसं कळायचं?"

तिथं मी खोटं बोललो. म्हणालो, "तू बोल गं, मला सगळं पोचतं."

तिचे रोजचे फोन थांबले. सणावारी बोलणं व्हायचं तेव्हा ती म्हणायची, "तुला म्हाईतच हाय की." मी म्हणायचो, "व्हय, ऐकलं." असं वर्ष गेलं.

परवा गेलो तर ती बशीच्या बाहेर चहा ओतत होती. डॉक्टरचा नंबर शोधायला तिचाच फोन घेतला, तर तिचं सारं बोलणं त्यात लिहून ठेवलेलं. वाचतच बसलो. यंत्र एकदाही चिडलं नव्हतं — कौतुकच वाटलं मला. आणि ती? मध्येच त्याला म्हणत होती, "लई बोललो मी, दमला असशील, थांब जरा." यंत्राच्या दमणुकीची काळजी करणारी माझी आत्या!

चार महिन्यांपूर्वीचं एक वाक्य होतं — "डोळ्यांना कडंचं दिसंना झालंय." यंत्रानं लगेच सांगितलेलं, डॉक्टरांना दाखवा, घरच्यांना कळवा. त्यावर ती — "मग आत्ता काय करतोय मी?"

गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही म्हणाले. इतके दिवस काय करत होता, असं मलाच विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आत्या त्यांच्यावर उखडली, "त्येला बोलू नका. कामात असतोय. तरी रोज माझं समदं ऐकून घेतोय — इतकं कोण ऐकतंय हल्ली?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो.