‘पण’ म्हटलं की कट होणारा फोन

मागच्या रविवारी आमच्याकडे एका नव्या फोनचं टेस्टिंग झालं. फोन नुकताच लाँच झालाय, कॅमेरा उत्तम आहे, आणि त्याला रेंज मिळत नाही अशी बोंब आहे. घ्यावा का, असं बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून लिहितेय.

मी घोटवडे गावाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एका घरात वरची खोली भाड्याने घेऊन राहते. माझं काम वायरलेस टेस्टिंगचं... आणि माझ्याच खोलीत रेंज नाही. ब्रॉडबँडची वायर होती तोवर वाय-फायवरून दार लावून बोलता यायचं, पण ती रस्त्याच्या कामात जेसीबीने तोडली. जोडायला अजून कुणी आलेलं नाही.

अख्ख्या घरात रेंज एकाच ठिकाणी येते, खाली स्वयंपाकघराच्या खिडकीत. त्यामुळे घरमालकीण काकूंचा फोन कायम तिथे एका स्टीलच्या वाटीत उभा असतो, स्पीकरवर. ज्याला बोलायचं असेल त्याने हातातलं काम करत, जिथे असेल तिथून बोलायचं. लपवण्यासारखं काही असतं, ही कल्पनाच या घरात नाही.

मला ते जमत नाही. मी आईशीसुद्धा मोजकं बोलते, आणि तेही चार लोकांत नाही. हल्ली तर विषय एकच होता... स्थळ. प्रत्येक फोननंतर काकू मुलाच्या उंचीवर मत द्यायच्या आणि त्यांचे मिस्टर, म्हणजे आप्पा, त्याच्या पॅकेजवर.

रविवारी आईला उत्तर द्यायचं होतं. मुलाला दोनदा भेटले होते. माझ्या कामाबद्दल त्याने एकच प्रश्न विचारला, लग्नानंतर कायमचं वर्क फ्रॉम होम मिळेल ना... दोन्ही भेटींत हाच. टेस्टिंग लॅबमध्ये होतं, घरून नाही. माझा नकार ठरला होता. तो फक्त माझ्या खोलीतून, दार लावून द्यायचा होता.

म्हणून ऑफिसमधल्या मित्राचा हा नवा फोन वीकेंडपुरता मागून आणला; बोंब असली तरी नवा मोडेम माझ्या जुन्या फोनपेक्षा जास्त सिग्नल पकडेल, अशी आशा होती. आप्पांनाही तो घ्यायचा होता. त्यांनी आधीच बजावलं होतं, “तू इंजिनेर हायेस, नीट बघून सांग.”

सिम घालून खोलीत टेस्ट केलं. फोन टेबलावर असला की एक-दोन काड्या येतात, कॉल लागतो. हातात घेतला की रेंज पडते, आणि घट्ट धरला की कॉलच तुटतो. अँटेना कडेच्या मेटल फ्रेममध्ये आहे आणि तळहाताने तो झाकला जातो. दोष कळला की उपाय सोपा असतो... फोन टेबलावर, इअरबड्स कानात, हात मांडीवर.

आईला फोन लावला. सुरुवात सौम्य करायची ठरवली होती. मुलगा चांगला आहे, शिकलेला आहे, घरचेही साधे आहेत... इथपर्यंत हात मांडीवर होते. मग मी म्हणाले, “पण...”

आणि पाहिलं तर फोन माझ्या मुठीत. कॉल कट.

पुन्हा लावला. आई खुशीत होती, “मी म्हणतच होते, तुला आवडणार.” तिला थांबवायला उभी राहिले, जरा चढ्या आवाजात म्हणाले, “आई, ऐक ना, पण...” फोन परत मुठीत. परत कट.

तिसऱ्यांदा फोनला हात लावायचा नाही म्हणून हातांवर बसले. आईचा नंबर एंगेज. ती मामाला कळवत असणार, कारण स्थळ त्यानेच आणलं होतं. मामाला कळलं की निरोप मुलाकडे जाईल. नंतरचा नकार म्हणजे शब्द फिरवणं... आमच्या घरात ते भांडणापेक्षा वाईट.

तेवढ्यात खालून काकूंची हाक आली, “अगं ये खाली, तुझ्या आईचा फोन हाय.”

माझा लागेना म्हणून आईने काकूंना लावला होता. खाली गेले तर खिडकीत वाटी, वाटीत फोन आणि फोनमध्ये आई. आप्पा चहा घेत होते, काकू मिक्सरजवळ कुटाचे शेंगदाणे घेऊन उभ्या. आई म्हणत होती, मामाला आता परत लावते, तो तिकडे होकार कळवेल.

चार लोक नाहीत, तीनच होते. मी खिडकीकडे बघून बोलले, “आई, माझा नकार आहे. मामाला लगेच सांग. त्या मुलाला मी हवी आहे, माझं काम नकोय.”

आई म्हणाली, “आत्ता चांगला म्हणालीस की. आता नाही म्हणतेस. आणि मधेच फोन ठेवतेस.”

फ्रेममधला अँटेना आणि तळहात आईला कसा समजवायचा, याचा मी विचार करत होते. तेवढ्यात काकू पुढे झाल्या. “ताई, पोरगी खोटं बोलत न्हाई. वर दोनदा ‘पण’ म्हणली, आमी हितं ऐकलंय. पुढचं ऐकाया तर मी मिक्सर बंद केला व्हता.”

मी छताकडे पाहिलं. इतके महिने दार लावून जे काही बोलले असेन...

आई म्हणाली, “बरं. मी मामाला थांबवते. जेवलीस का?” आमच्याकडे विषय असाच संपतो.

आप्पांनी कप खाली ठेवला. “मंग? फोन घ्यायचा का न्हाई?”

“तुम्ही घ्या आप्पा,” मी म्हटलं. “तुमच्या घरात फोन हातात असतोच कुठे?”

तर विचारणाऱ्यांसाठी... घरी रेंज भरपूर असेल तर काही फरक पडणार नाही, कॅमेऱ्यासाठी खुशाल घ्या. रेंज कमी असेल तर थांबा, आणि अपडेटच्या भरवशावर घेऊ नका, अँटेनाची जागा अपडेटने बदलत नाही. मी घेतलेला नाही. मित्राचा फोन परत केला.

आई आता थेट काकूंच्याच फोनवर लावते. मी खाली ओट्याशी उभी राहून लसूण सोलत बोलते. पूर्वीपेक्षा जरा जास्तच बोलते म्हणे. मिक्सर तेवढा वेळ बंद असतो.